सिम्युलेशनच्या डब्यात कुठलं पाणी ओतायचं?

निफाडला माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. एका जानेवारीत पहाटे पारा इतका खाली गेला की पानांवरचं दव गोठलं. मामा रात्रभर शेकोट्या पेटवून बसलेला, मग त्याने ड्रिप सोडली, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि जमीन थोडी तरी ऊब धरते. मी तेव्हा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, प्रोजेक्ट मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा, म्हणजे रेणू कसे हलतात ते कॉम्प्युटरवर पावलापावलाने काढायचं, आणि डोक्यात किडा वळवळला की हेच कॉम्प्युटरवर दाखवू, पाणी गोठताना. नाशकात खोलीवर आले, लॅपटॉपवर नऊशे रेणूंचा डबा भरला, तापमान उणे १० अंश ठेवलं आणि रन सोडून दिला. तीन रात्री फॅन भणभणत होता. चौथ्या दिवशी उघडून बघते तर पाणी मस्त खेळतंय, बर्फाचा पत्ता नाही. मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तुझं पाणी बरंय गं, गोठतच नाही. थोडं माझ्या बागेला दे."

चूक कॉम्प्युटरची नव्हती. मी ओतलेलं पाणी होतं टिप-थ्री-पी, पाण्याच्या रेणूचं एक तयार, सोपं केलेलं मॉडेल, आणि त्या मॉडेलचा बर्फ वितळतो साधारण १४६ केल्विनला, म्हणजे उणे १२७ अंश सेल्सिअस! निफाडची थंडी काय, अंटार्क्टिकाची थंडीसुद्धा त्याच्यासाठी उन्हाळाच आहे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, लॅबमध्ये सगळे तेच वापरायचे म्हणून मीही वापरलं. हा लेख त्यासाठीच लिहितेय. कुठलंच मॉडेल म्हणजे "पाणी" नाही, तुमचा प्रश्न काय आहे त्यावर पाणी निवडायचं, आणि त्यात प्रोटीन-बिटीन टाकायच्या आधी नुसतं पाणी चालवून तपासायचं.

मॉडेल म्हणजे आत काय असतं

खऱ्या पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन, तीन अणुकेंद्रकं आणि सगळा क्वांटमचा पसारा. तो पूर्ण सोडवत बसलो तर लॅपटॉपवर चार-दोन रेणूंच्या पुढे जाणं मुश्कील. म्हणून लोकांनी काय केलं, तर रेणूच्या जागी तीन बिंदू ठेवले, बिंदूंवर ठरलेले चार्ज लावले आणि ऑक्सिजनवर लेनार्ड-जोन्स नावाचा एक गोळा बसवला, जो लांबून थोडं ओढतो आणि जवळ आलं की जोरात ढकलतो. झालं पाणी.

एसपीसी/ई हे मॉडेल घेऊ, कारण शिकायला सगळ्यात सरळ. ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर १ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), कोन १०९.४७ अंश, ऑक्सिजनवर चार्ज उणे ०.८४७६, प्रत्येक हायड्रोजनवर अधिक ०.४२३८. बेरीज शून्य येते का बघा, येते. लेनार्ड-जोन्सचा सिग्मा, म्हणजे गोळ्याचा आकार, ३.१६६ अँगस्ट्रॉम आणि एप्सिलॉन, म्हणजे ओढीचा जोर, ०.६५ किलोज्यूल प्रति मोल. एवढ्यावर अख्खं मॉडेल संपलं, वहीच्या पानाच्या कोपऱ्यात मावतं.

आता कॅल्क्युलेटर घ्या आणि याचा डायपोल, म्हणजे अधिक आणि उणे चार्ज एकमेकांपासून किती सरकलेत त्याचं माप, हाताने काढा, दोन मिनिटांचं काम आहे पण त्यातून बरंच कळतं. कोनाचा अर्धा म्हणजे ५४.७४ अंश, त्याची कोसाइन ०.५७७. दोन्ही हायड्रोजनचा चार्ज मिळून ०.८४७६, गुणिले १ अँगस्ट्रॉम, गुणिले ०.५७७, येतात ०.४८९. याला ४.८०३ ने गुणलं की डिबाय या डायपोलच्या एककात उत्तर, २.३५. आता गंमत अशी की एकट्या, वाफेतल्या पाण्याच्या रेणूचा डायपोल १.८५ डिबाय असतो. मग मॉडेलचा जास्त का? कारण द्रवात प्रत्येक रेणूच्या भोवती शेजारी असतात, त्यांच्या विद्युतक्षेत्राने रेणूतला इलेक्ट्रॉनचा ढग थोडा सरकतो आणि डायपोल वाढतो. आपल्या मॉडेलचे चार्ज तर फिक्स, ते परिस्थितीप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून ती वाढ आधीच आत घालून ठेवलीय. म्हणजे हे "गर्दीतलं पाणी" आहे. वाफेत किंवा प्रोटीनच्या आतल्या तेलकट खबदाडीत एकटा अडकलेला रेणू असेल तर हा तिथेही गर्दीत असल्यासारखाच वागणार. हे लक्षात ठेवा, पुढे निकालाचा अर्थ लावताना कामाला येतं.

थोडा इतिहास, कारण फाइलींची नावं तिथूनच आलीत

चार्ज लावलेलं पहिलं पाणी १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी कागदावर बनवलं, कॉम्प्युटर नसताना. १९७१ मध्ये अनीसुर रहमान, मूळचे हैदराबादचे, आणि स्टिलिंजर यांनी द्रव पाण्याचं पहिलं मॉलिक्युलर डायनॅमिक्स केलं, डब्यात २१६ रेणू. सहा गुणिले सहा गुणिले सहा. आज ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार पाण्याची जी फाइल येते तिच्या नावातही २१६ च आहे.

मग १९८१ मध्ये बेरेन्डसेन यांच्या गटाने एसपीसी दिलं, १९८३ मध्ये जॉर्गेन्सन यांच्या गटाने टिप-थ्री-पी आणि टिप-फोर-पी. १९८७ मध्ये परत बेरेन्डसेन, ते म्हणाले की अहो, रेणूचा डायपोल वाढवायला जी ऊर्जा खर्च होते ती हिशेबात धरलीच नाही, ती धरली आणि चार्ज जरासे वाढवले, झालं एसपीसी/ई. बदल केवढा, तर ०.८२ चं ०.८४७६, बाकी आकार तोच. तेवढ्याने घनता ०.९८ च्या खालून ०.९९८ ला आली आणि विसरणाचा, म्हणजे रेणू भटकत पसरण्याचा, वेग खऱ्या पाण्याच्या जवळ गेला. मला हे अजूनही भारी वाटतं.

टिप-फोर-पीमध्ये उणे चार्ज ऑक्सिजनवरून काढून हायड्रोजनच्या दिशेने ०.१५ अँगस्ट्रॉम पुढे एका बिनवजनी बिंदूवर ठेवला. तोच सांगाडा घेऊन २००५ मध्ये अबास्काल आणि वेगा यांनी आकडे परत बसवले, ते टिप-फोर-पी/२००५. टिप-फाइव्ह-पीमध्ये तर ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोड्यांसाठी दोन वेगळे बिंदू आहेत.

पहिलं काम: प्रश्न लिहून काढा

खरंच कागदावर लिहा, मी गंमत करत नाहीये. "पाण्याचं सिम्युलेशन करायचंय" हा प्रश्न नाही. "२५ अंशाला हा औषधाचा रेणू पाण्यात किती वेगाने सरकतो" हा प्रश्न आहे. आता त्यावर पाणी बघू.

वेग, विसरण, चिकटपणा यातलं काही असेल तर टिप-थ्री-पी नको. खऱ्या पाण्याचा विसरण गुणांक २५ अंशाला २.३ आहे, दहाचा उणे पाचवा घात चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद या मापात. टिप-थ्री-पी पाचाच्या वर जातं, म्हणजे दुपटीहून जास्त पळतं, त्यात काहीही सोडलं तर तेही पळणार. एसपीसी चारच्या आसपास. एसपीसी/ई साधारण अडीच आणि टिप-फोर-पी/२००५ दोन-सव्वादोन. या दोघांपैकी एक घ्या.

बर्फ, गोठणं, थंड पाणी असेल तर टिप-फोर-पी/आइस, त्याचा वितळणबिंदू २७०-२७२ केल्विनला येतो, खऱ्याच्या अगदी शेजारी. टिप-फोर-पी/२००५ चा २५२ आहे, म्हणजे २१ अंशांनी कमी, पण बाकी सगळं इतकं छान आहे की लोक "वितळणबिंदूपासून किती खाली" असं मोजून वापरतात. एसपीसी/ई २१५, एसपीसी १९०. आणि माझं ते १४६!

पृष्ठताण? द्राक्षावर फवारणी करताना औषधात स्टिकर घालतात ना, थेंब पानावर पसरावा म्हणून, तसल्या रेणूंचा अभ्यास करायचा असेल तर पृष्ठताण बरोबर पाहिजे. खरा २५ अंशाला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. टिप-फोर-पी/२००५ सत्तरच्या जवळ जातं, एसपीसी/ई साठच्या थोडं वर, टिप-थ्री-पी पन्नाशीत. म्हणजे त्या पाण्यात निम्मा स्टिकर आधीच पडलाय असं समजा. इथे एक सूचना, पृष्ठभाग असेल तर लेनार्ड-जोन्स एक नॅनोमीटरवर कापून चालत नाही, लांबचा भागही मोजणारी पद्धत लावा, नाहीतर ताण कमी दिसतो.

डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पाणी दोन चार्जमधलं बल किती पटीने कमी करतं तो आकडा, मात्र सगळ्यांची दुखरी नस. खरा ७८.४, एसपीसी/ई सत्तरच्या आसपास, आणि एवढं गुणी टिप-फोर-पी/२००५ साठला अडकतं. टिप-थ्री-पी उलट वर जातं. मीठ-पाणी करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणि प्रोटीन असेल तर? मग निवड तुमच्या हातात फारशी नाही. फोर्स फील्ड (प्रोटीनच्या अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे यांचा संच; ग्रोमॉस, ओपीएलएस, अंबर, चार्म ही त्यांची नावं) आणि पाणी बरोबर शिजवलेलं असतं, मिसळीचा रस्सा एका हॉटेलचा आणि मटकी दुसऱ्या हॉटेलची असं केलं की चव बिघडते तसंच. ग्रोमॉसबरोबर एसपीसी, ओपीएलएसबरोबर टिप-थ्री-पी किंवा टिप-फोर-पी, जुन्या अंबरबरोबर टिप-थ्री-पी, अंबरच्या एफएफ-१९-एसबीबरोबर ओपीसी नावाचं चार बिंदूंचं पाणी. चार्मचं टिप-थ्री-पी तर वेगळंच आहे, त्यात हायड्रोजनवरही छोटा लेनार्ड-जोन्स असतो. नाव सारखं दिसतं म्हणून साधं लावलं की कुठलाही एरर येत नाही, रन मजेत चालतो, आणि निकाल हळूच वाकडा होतो. अव्यवस्थित, घडी नसलेली प्रोटीनं करत असाल तर अजून एक गोष्ट, टिप-थ्री-पीमध्ये ती गोळा होऊन बसतात, त्यासाठीच २०१५ मध्ये टिप-फोर-पी-डी आलं.

डबा भरणं

ग्रोमॅक्स फुकट आहे, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू घ्यावं, सगळ्यात कमी कटकट.

डबा ३ नॅनोमीटर बाजूचा घ्या. का तीन? कारण आपण जवळच्या बलांची मर्यादा १ नॅनोमीटर ठेवणार, आणि डबा पिरिऑडिक असतो, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो. डबा मर्यादेच्या दुपटीपेक्षा लहान झाला तर रेणूला एकाच शेजाऱ्याच्या दोन प्रती दिसायला लागतील. दोनपेक्षा थोडा मोठा चालतो पण प्रेशर लावल्यावर डबा आकसतो, म्हणून तीन.

रेणू किती मावतील ते आधी हाताने काढा. एका रेणूचं वजन १८.०१५ भागिले ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, म्हणजे २.९९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात ग्रॅम. डब्याचं आकारमान २७ घन नॅनोमीटर. नऊशे रेणू टाकले तर घनता येते ०.९९७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, नेमकी २५ अंशाच्या पाण्याची! सॉल्व्हेट कमांडने भरलं तर नऊशेच्या जरा अलीकडे येतात, कारण ती २१६ चा ठोकळा रचत जाते आणि कडेला एकमेकांवर चढणारे रेणू काढून टाकते. सहाशे किंवा बाराशे आले तर थांबा, काहीतरी चुकलंय, बहुतेक नॅनोमीटर आणि अँगस्ट्रॉमचा घोळ.

तीन बिंदूंच्या पाण्यासाठी ती २१६ वाली फाइल चालते, एसपीसी असो, एसपीसी/ई असो की टिप-थ्री-पी. चार बिंदूंसाठी मात्र टिप-फोर-पीची वेगळी फाइल द्यायची. माझ्या एका ज्युनियरने रात्री साडेअकराला फोन केला, "ताई, ग्रॉम्प (रनची तयारी करणारी कमांड) म्हणतंय अणूंची संख्या जुळत नाही, २६८५ आणि ३५८०." मी म्हटलं दोन्हीला ८९५ ने भाग. एकीकडे ३ आले, दुसरीकडे ४. डब्यात तीन बिंदूंचं पाणी आणि टोपॉलॉजीत, म्हणजे डब्यात कुठली मॉडेल्स आहेत ते सांगणाऱ्या फाइलीत, चार बिंदूंचं. हा एरर येतो ते नशीब समजा. एसपीसी/ईच्या जागी चुकून एसपीसी लावलंत तर संख्या जुळते आणि कुणी काही बोलत नाही, म्हणून टोपॉलॉजीत कुठली पाण्याची फाइल ओढलीय ती ओळ डोळ्यांनी वाचायची, प्रत्येक वेळी.

चालवणं

आधी एनर्जी मिनिमायझेशन, म्हणजे एकमेकांना फार खेटलेले रेणू सैल करणं, त्यासाठी स्टीपेस्ट डिसेंट ही पद्धत, नुसत्या पाण्याला काही सेकंद पुरतात. मग १०० पिकोसेकंद ठरलेल्या आकारमानात, तापमान २९८.१५ केल्विन. मग ५०० पिकोसेकंद प्रेशर १ बार ठेवून, इथे डबा आपला आकार शोधतो. मग खरा रन.

टाइम स्टेप, म्हणजे हिशेबाचं एक पाऊल, २ फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद). ऑक्सिजन-हायड्रोजन बंध खरा तर दर दहा फेम्टोसेकंदाला एकदा थरथरतो, तो पकडायला अर्धा-एक फेम्टोसेकंदाची पावलं लागतील. पण ही मॉडेल्स कडक आहेत, बंध आणि कोन गोठवलेले, ते काम सेटल नावाचा अल्गोरिदम करतो, १९९२ चा, फक्त पाण्यासाठीच बनवलेला आणि भयंकर वेगवान. म्हणून दोन चालतं. हौसेने लवचीक पाणी घेऊ नका, कशासाठी हवंय ते माहीत असल्याशिवाय.

विद्युत बलांसाठी पीएमई, म्हणजे लांबची बलंही न कापता मोजणारी पद्धत, डोळे झाकून. जुनी मॉडेल्स बलं ठराविक अंतरावर कापून टाकायच्या काळात बनली, तरी आज पीएमईच लावतात, आकडे त्यामुळे किंचित इकडेतिकडे होतात, म्हणून तुमचा निकाल कुणाच्या पेपरशी ताडताना त्यांनी काय लावलं होतं ते बघा. लेनार्ड-जोन्सची शेपटी कापल्याची भरपाई करणारी सेटिंग असते, ऊर्जा आणि प्रेशर दोन्हीसाठी, ती चालू ठेवा, नाहीतर घनता कमी येते आणि तुम्ही मॉडेलला नावं ठेवत बसता.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान धरून ठेवणारी पद्धत, व्ही-रिस्केल. लॅन्जेव्हिन थर्मोस्टॅट रेणूंना घर्षण लावतो, विसरण मोजायचं असेल तर तो वेग खाऊन टाकतो. प्रेशर सांभाळणारा बॅरोस्टॅट सी-रिस्केल चांगला. आणि प्रेशरचा आलेख बघून घाबरू नका! सरासरी १ बार सांगितलेली असते आणि आलेख कित्येकशे बार वर-खाली उड्या मारतो. नऊशे रेणूंच्या डब्यात तसंच होणार, पाणी दाबलं जात नाही, जरा हललं की प्रेशर उसळतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा दिवस सेटिंग बदलत बसले होते, सरांनी शेवटी डब्याची बाजू बघायला सांगितली, ती शांत होती. प्रेशर नको, घनता बघा.

चार कोअरच्या लॅपटॉपवर नऊशे रेणूंना एका नॅनोसेकंदाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते हे गृहीत धरून चेकपॉइंट, म्हणजे रन जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची नोंद, दर पाच मिनिटांनी ठेवा.

तपासणं, म्हणजे खरं काम

घनता आधी. पहिला एक नॅनोसेकंद फेकून द्या आणि उरलेल्याची सरासरी घ्या. एसपीसी/ई असेल तर ०.९९८ च्या आसपास यायला पाहिजे, टिप-फोर-पी/२००५ ला ०.९९७, टिप-थ्री-पीला ०.९८ च्या जवळपास. हा फरक डब्यात केवढा दिसतो? नऊशे रेणूंना ०.९९७ ला बाजू ३.००० नॅनोमीटर, ०.९८ ला ३.०१७. म्हणजे नुसता डबा बघून कळणारच नाही, तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा वाचावा लागतो. एसपीसी/ई समजून चालवलेल्या रनमध्ये ०.९८ दिसलं तर ती टोपॉलॉजीतली ओळ परत वाचा, एसपीसी घुसलंय.

मग ऑक्सिजन-ऑक्सिजन आरडीएफ. एका रेणूवर उभं राहून आजूबाजूला कुठल्या अंतरावर किती शेजारी आहेत त्याचा आलेख. पहिला उंच सुळका २.८ अँगस्ट्रॉमला, हायड्रोजन बंधाने धरलेले शेजारी. दुसरा ठेंगणा उंचवटा साडेचार अँगस्ट्रॉमला, शेजाऱ्यांचे शेजारी, पाण्याच्या चतुष्फलकी, म्हणजे चार दिशांना चार शेजारी असलेल्या, रचनेची खूण. टिप-थ्री-पीमध्ये हा दुसरा उंचवटा जवळजवळ सपाट होतो. एकदा एसपीसी/ई आणि टिप-थ्री-पी यांचे आलेख एकावर एक काढाच, माझं पाणी का गोठत नव्हतं ते तिथे डोळ्यांना दिसतं, बर्फाची घडीच त्याच्या डोक्यात नाही.

विसरणासाठी सरासरी वर्ग विस्थापनाचा (रेणू किती दूर गेला त्याच्या वर्गाच्या सरासरीचा) वेळेप्रमाणे आलेख काढा, सरळ रेषेचा उतार भागिले सहा. सुरुवातीचे काही पिकोसेकंद सोडा, तिथे रेणू अजून कुणाला धडकलेलाच नसतो, शेवटचा भागही सोडा, तिथे आकडेवारी तुटपुंजी असते. आणि आता ती गोष्ट जी बहुतेक लोक विसरतात. छोट्या डब्यात विसरण कमी दिसतं, कारण रेणू आपल्याच प्रतींनी ढवळलेल्या पाण्यात पोहत असतो. २००४ मध्ये ये आणि हमर यांनी याची दुरुस्ती दिली: २.८३७ गुणिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान), भागिले ६ पाय गुणिले चिकटपणा गुणिले डब्याची बाजू. आपल्या ३ नॅनोमीटरच्या डब्याला, चिकटपणा ०.८९ मिलिपास्कल-सेकंद धरला तर येतात ०.२३. म्हणजे २.३ च्या आकड्यात दहा टक्के! मॉडेलचा स्वतःचा चिकटपणा वापरायचा असतो, एसपीसी/ईचा खऱ्यापेक्षा कमी आहे म्हणून त्याला दुरुस्ती अजून थोडी जास्त. हे न करता "माझं उत्तर प्रयोगाशी तंतोतंत जुळलं" असं लिहिलेले रिपोर्ट मी वाचलेत, एक तर माझाच होता.

डायइलेक्ट्रिक काढायचा असेल तर घाई नको, अख्ख्या डब्याचा एकूण डायपोल फार हळू डोलतो, पाच नॅनोसेकंदाचा आकडा म्हणजे नुसता अंदाज. वीसच्या पुढे जा, आणि वेळेप्रमाणे सरासरी स्थिरावतेय का ते बघा.

अजून साधं पाणी

हे सगळं करूनही वेळ पुरत नसेल, पेशीच्या झिल्लीचा मोठा तुकडा असेल, तर रेणूचे तीन बिंदूही जास्त होतात. दोन रेणूंमध्ये तीन बिंदूंच्या पाण्यात नऊ अंतरं मोजायची, चार बिंदूंच्या पाण्यात दहा, पाचात सतरा. मार्टिनी या ढोबळ फोर्स फील्डमध्ये चार रेणूंचा मिळून एकच मणी, टाइम स्टेप वीस-तीस फेम्टोसेकंद. वेग जबरदस्त, पण मण्यावर चार्ज नाही, त्यामुळे पाणी चार्जला झाकतच नाही, ते काम एका स्थिर आकड्यावर सोडलेलं, आणि मार्टिनी-२ चं पाणी खोलीच्या तापमानाच्या आसपासच गोठायला बघायचं, म्हणून त्यात दहा टक्के गोठणरोधक मणी घालायची पद्धत पडली. माझं गोठत नव्हतं आणि यांचं नको तेव्हा गोठतंय!

मोलिनेरो आणि मूर यांचं २००९ चं एम-डब्ल्यू पाणी मला जास्त आवडतं. एक रेणू एक बिंदू, हायड्रोजन नाही, चार्ज नाही, फक्त शेजाऱ्यांनी चतुष्फलकी कोनात बसावं असा तिघांमधला आग्रह, सिलिकॉनसाठी बनवलेल्या सूत्रातून उचललेला. वितळणबिंदू २७४ केल्विन. लांबवरची विद्युत बलं नसल्यामुळे शंभरपटीहून वेगवान. विसरण मात्र खऱ्याच्या अडीच-पावणेतीन पट, हायड्रोजन नसल्यावर रेणूला वळायला अडतंय कोण. लॅम्प्स या दुसऱ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये हे सहज चालतं.

आणि लिनक्स-बिनक्स नकोच, पायथनमध्ये स्वतः लिहून बघायचंय, तर मर्सिडीज-बेंझ पाणी. बेन-नाइम यांनी १९७१ मध्ये मांडलं, सपाट कागदावरच्या चकत्या, प्रत्येकीला १२० अंशांवर तीन हात, गाडीच्या चिन्हासारखे. दोन चकत्यांचे हात समोरासमोर आले आणि अंतर १ असलं की ऊर्जा उणे १, त्यातून सरकलं की ०.०८५ रुंदीच्या घंटेसारख्या वक्राने ही ओढ कमी होते. शिवाय साधा लेनार्ड-जोन्स, खोली ०.१, आकार ०.७. साठ चकत्या घ्या, एक उचला, थोडी सरकवा, थोडी फिरवा, माँटे कार्लोचा नियम लावा (ऊर्जा घटली तर बदल ठेवायचा, वाढली तर कधीकधीच), परत दुसरी. थंड केलं की पोकळ षटकोन तयार होतात आणि जागा जास्त लागते, बर्फ पाण्यावर का तरंगतो ते दीडशे ओळींच्या कोडमध्ये दिसतं.

माझ्या बर्फाचं पुढे काय झालं

पाणी बदलून टिप-फोर-पी/आइस घेतलं तरी नुसतं थंड करून बर्फ आला नसता. पहिली कणी आपोआप तयार होणं इतकं दुर्मीळ असतं की मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५१२ रेणूंचं टिप-फोर-पी २३० केल्विनला शेकडो नॅनोसेकंद चालवून ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. म्हणून कणी आपणच द्यायची, दह्याला विरजण लावतो तशी. जेनआइस नावाचं साधन आहे, त्याच मात्सुमोतोंचं, ते हायड्रोजन नीट विस्कटलेला बर्फाचा ठोकळा बनवून देतं. तो डब्याच्या अर्ध्या भागात ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात द्रव पाणी, दोन्ही त्याच मॉडेलचं, आणि तापमान वितळणबिंदूच्या आठ-दहा अंश खाली. प्रेशर फक्त पृष्ठभागाला लंब दिशेने सैल सोडायचं, नाहीतर ठोकळ्यावर उगाच ताण येतो. मग थांबायचं. ऊर्जेचा आलेख हळूहळू खाली उतरत गेला की समजायचं बर्फ वाढतोय, वर चढला की वितळतोय.

माझं आठवडाभर चाललं. व्हिडिओ बनवून मामाला पाठवला, षटकोनांची रांग एकेक थर पुढे सरकत येतेय असा. त्याने दोनदा बघितला आणि विचारलं, "यात मध्येच ड्रिप सोडता येते का?"